‘लेट’ लिहिण्याआधी

मराठीत ‘लेट’ हा शब्द आता कुणाला परका वाटत नाही. लोकल लेट असते, पगार लेट होतो, कचेरीत लेट मार्क लागतो आणि रोज उशिरा येणाऱ्याला आपण लेट लतीफ म्हणून मोकळे होतो. या सगळ्या ठिकाणी तो एकच काम करतो, उशीर झाला एवढं सांगतो. इंग्रजीत या विशेषणाकडे त्याखेरीज बरीच कामं आहेत. गंमत अशी की बोलताना आपल्याला उशिराचा ‘लेट’ लागतो, पण तो कागदावर उतरवायची वेळ येते ती बहुतेकदा दुसऱ्याच कामासाठी : लग्नपत्रिकेत आजोबांच्या नावाआधी, वारसाच्या अर्जात वडिलांच्या नावाआधी, शोकसंदेशात, संस्थेच्या इंग्रजी अहवालात. चुका तिथे होतात आणि एकदा छापल्या की पुसता येत नाहीत. म्हणून कागदावरच्या ‘लेट’पासूनच सुरुवात करू.

मृत व्यक्तीच्या नावाआधी मराठीत आपण ‘कै.’, ‘स्व.’, ‘दिवंगत’ असं काही लिहितो आणि त्यातला कोणता शब्द घ्यायचा हे घराण्यावर, धर्मावर, कधी मतांवरही ठरतं. इंग्रजी ‘लेट’ला यातलं काही विचारावं लागत नाही, तो सगळ्यांना चालतो. मात्र ‘कै. सौ.’ या जोडीतून नवऱ्याआधी गेलेली बाई हे जे आपल्याला लगेच कळतं, ते ‘लेट’मध्ये मावत नाही. सांगायचंच असेल तर वेगळं वाक्य लिहावं.

इंग्रजी वाक्यात हा ‘लेट’ एकटा येत नाही. त्याच्याआधी ‘द’ लागतो, नाहीतर ‘माय’, ‘हिज’, ‘देअर’ असा नातं सांगणारा शब्द लागतो. ‘द लेट मिस्टर पाटील’, ‘माय लेट फादर’, ‘हर लेट हजबंड’ ही बरोबर रूपं. ‘लेट मिस्टर पाटील वॉज अ टीचर’ हे वाक्य इंग्रजी कानाला लंगडं लागतं, कारण सुरुवातीचा ‘द’ गळला आहे. आता लग्नपत्रिकेत आपण ‘ग्रँडसन ऑफ लेट श्री अमुक’ असं सर्रास छापतो. ही आपल्या देशातली रुळलेली पद्धत आहे आणि तिच्यावर लाल पेन्सिल चालवू नये, असं माझं मत आहे. पत्रिकेत नावांची मांडणी असते, सलग वाक्यं नसतात. पण तीच सवय शोकसंदेशात, मृत्युलेखात किंवा परदेशातल्या विद्यापीठाला पाठवायच्या निवेदनात नेऊ नका. तिथे ‘द’ हवाच. आणखी एक बारीक गोष्ट. ‘विडो ऑफ द लेट मिस्टर पाटील’ असं लिहिण्याचं कारण नाही. ‘विडो’ म्हटल्यावर नवरा गेला हे आलंच. ‘लेट’ ठेवायचा असेल तर ‘विडो’ काढून ‘वाइफ’ लिहा.

या अर्थाचा ‘लेट’ नेहमी नामाच्या आधी बसतो. क्रियापदानंतर गेला की तो मुकाट्याने उशिराच्या कामाला लागतो. ‘माय ग्रँडफादर इज लेट’ याचा अर्थ आजोबा यायचे आहेत, वाटेत आहेत. बँकेच्या परदेशी कॉल सेंटरमधून खातेदाराची चौकशी झाली आणि तुम्ही ‘ही इज लेट’ म्हणालात, तर पलीकडचा माणूस थांबायला तयार होईल. तिथे सरळ ‘ही डाइड इन 2019’ किंवा जरा मवाळपणे ‘ही पास्ड अवे’ म्हणावं. ‘ही एक्स्पायर्ड’ आपल्याकडच्या रुग्णालयांत रोज ऐकू येतं, पण बाहेरच्या इंग्रजीत एक्स्पायर होतात ती औषधं, परवाने आणि पासपोर्ट. जाता जाता सांगायचं तर, आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या इंग्रजीत ‘ही इज लेट’ म्हणजे ‘ते वारले’ असा अर्थ खरोखर होतो. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांच्या बोत्सवानात घडणाऱ्या ‘द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी’ या कादंबरीमालेत हा प्रयोग जागोजाग भेटतो. ती पुस्तकं वाचून कुणी तो उचलला असेल तर तो बोत्सवानापुरताच ठेवावा.

संस्थांच्या स्मरणिका आणि अहवाल लिहिणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची सूचना आता. माणसाने जिवंतपणी केलेलं काम सांगताना त्याच्या नावाआधी ‘लेट’ लावू नये. ‘द लेट यशवंतराव चव्हाण बिकेम द फर्स्ट चीफ मिनिस्टर ऑफ महाराष्ट्र इन 1960’ असं वाक्य घ्या. यशवंतराव वारले 1984 साली. 1 मे 1960 रोजी शपथ घेताना ते चांगले हयात होते, मग तेव्हा ‘लेट’ मुख्यमंत्री कसे झाले? आदर म्हणून आपण हा शब्द जोडतो हे खरं, पण इंग्रजीत तो आदरार्थी प्रत्यय नाही, ती माहिती आहे, आणि वाक्यातल्या काळाशी ती जुळावी लागते. ‘इमारतीची कोनशिला लेट अमुकांच्या हस्ते बसवली’ अशा अर्थाची इंग्रजी वाक्यं अहवालांत पानोपानी दिसतात. तिथून ‘लेट’ काढून टाकला की वाक्य आपोआप नीट होतं. ‘लेट’ला जागा आहे ती मृत्यूनंतरच्या गोष्टी सांगताना : कै. अमुकांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला, कै. तमुकांच्या संग्रहातली पुस्तकं वाचनालयाला मिळाली.

मग एखाद्याला किती वर्षं ‘लेट’ म्हणायचं? असा काही कायदा नाही. वाचकाला ती व्यक्ती गेल्याचं माहीत नसण्याची शक्यता असेल, किंवा त्याच नावाचं दुसरं कुणी हयात असेल, तोवर हा शब्द उपयोगाचा. शिवाजी महाराजांच्या नावाआधी तो कुणी लावत नाही. लोकमान्य टिळक 1920 च्या ऑगस्टमध्ये गेले, त्यानंतर काही काळ त्यांच्या नावामागे ‘द लेट’ शोभला असता, आज तो हास्यास्पद वाटेल. पु. ल. देशपांडे 2000 साली गेले. मराठी वाचकासाठी इंग्रजीत लिहीत असाल तर ‘लेट’ नको, सगळ्यांना ठाऊक आहे. पुलंचं नावही न ऐकलेल्या वाचकासाठी लिहीत असाल तर एकदा लावा, पहिल्या उल्लेखात. पुढे प्रत्येक ओळीत तो जपायचं कारण नाही.

पत्रिकांमधला एक प्रकार मात्र खपवून घेण्यासारखा नाही. जागा वाचवायला ‘लेट’चं आखूड रूप म्हणून एल-टी ही दोन अक्षरं आणि एक टिंब छापतात. इंग्रजीत हे ‘लेफ्टनंट’चं आखूड रूप आहे. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले आजोबा नातवाच्या लग्नात थेट सैन्यात भरती होतात. ‘लेट’ मुळात चार अक्षरांचा शब्द, त्याला आखूड रूप नाही आणि त्याची गरजही नाही.

सरकारी आणि बँकेच्या अर्जांबद्दलही तेवढंच सावध राहा. जिथे वडिलांचं नाव असा रकाना आहे, तिथे नावच लिहायचं. पॅन कार्डाच्या अर्जासोबतच्या सूचनांत नावाआधी श्री, श्रीमती, डॉक्टर यांसारख्या उपाध्या लावू नयेत असं सांगितलेलं असतं आणि ‘लेट’लाही तोच न्याय लावलेला बरा. एका कागदावर नुसतं नाव, दुसऱ्यावर ‘लेट’सकट नाव, असं झालं की पुढे दोन्ही नावं जुळवताना शपथपत्रं करत बसावं लागतं. वडील हयात नाहीत हे सांगण्यासाठी वेगळा रकाना असतो, नसेल तर मृत्यूचा दाखला असतोच.

जुनी कागदपत्रं आणि ग्रंथ चाळणाऱ्यांना हा शब्द वेगळाच चकवा देतो. पूर्वीच्या इंग्रजीत ‘लेट’चा अर्थ ‘माजी’ असाही होत असे. जेम्स ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली लंडनमध्ये तीन खंडांत छापला गेला. त्याच्या शीर्षकपानावर लेखकाच्या नावाखाली साताऱ्याच्या पॉलिटिकल रेसिडेंटपदाचा उल्लेख आहे आणि त्या पदाआधी ‘लेट’ आहे. ग्रँट डफ तेव्हा धडधाकट होते, ते वारले 1858 मध्ये. म्हणायचं होतं एवढंच की ते त्या पदावर पूर्वी होते, आता नाहीत. मुंबई किंवा बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधून निवृत्त झालेले कितीतरी साहेब आपल्या पुस्तकांवर ‘लेट ऑफ’ असं लिहून पुढे आपल्या खात्याचं नाव देत. म्हणून घराण्याचा किंवा गावाचा इतिहास शोधताना एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदात एखाद्या पदाआधी ‘लेट’ दिसला तर त्या माणसाला लगेच मारू नका. आजच्या लेखनात मात्र हयात माणसाच्या जुन्या पदासाठी ‘फॉर्मर’ लिहायचं. ‘द लेट सेक्रेटरी’ असं छापून आलं तर निवृत्त चिटणीसांना फोन जायला लागतील. आणि पद सोडल्यावर वारलेल्या व्यक्तीचं काय? तिथे ‘द लेट प्रेसिडेंट’ म्हटलं की पदावर असतानाच निधन झालं, असा समज होऊ शकतो. डॉ. कलाम 2007 मध्ये राष्ट्रपतिपदावरून उतरले आणि 2015 मध्ये गेले. त्यांच्याबद्दल लिहिताना ‘फॉर्मर प्रेसिडेंट, द लेट ए. पी. जे. अब्दुल कलाम’ ही रचना निर्दोष.

कलावंताच्या नावाआधी ‘द’ नसताना ‘लेट’ आला तर अर्थ पुन्हा बदलतो. ‘लेट शेक्सपिअर’ म्हणजे शेक्सपिअरच्या अखेरच्या काळातली नाटकं, ‘द टेम्पेस्ट’सारखी. ‘लेट बेथोव्हन’ म्हणजे त्याने शेवटच्या वर्षांत रचलेलं संगीत. इथे मृत्यूचा संबंध नाही. आणि या वापरातूनच ‘लेट’चा खरा स्वभाव दिसतो. काळाचा कोणताही तुकडा घ्या, त्याच्या शेवटाकडचा भाग म्हणजे ‘लेट’. दिवसाचा शेवट, महिन्याचा शेवट, शतकाचा शेवट. उशीर हा त्यातलाच एक प्रकार झाला.

हे लक्षात आलं की वर्षांचे आणि वयाचे प्रयोग सोपे होतात. ‘इन द लेट नाइन्टीन फिफ्टीज’ म्हणजे साधारण 1957 ते 1959, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात असतानाचा काळ. दशक सांगताना आधी ‘द’ आणि आकड्याच्या शेवटी ‘एस’, दोन्ही हवेत. एकच वर्ष सांगायचं असेल तर दोन्ही नकोत : ‘इन लेट 1959’. आपली मुलं या दोघांची सरमिसळ करून ‘इन द लेट 1959’ लिहितात, ते चूक. वयाचंही तसंच. ‘शी इज इन हर लेट फोर्टीज’ म्हणजे बाई पन्नाशीला आल्या आहेत, सत्तेचाळीस ते एकोणपन्नासच्या दरम्यान. त्यात उशिरा चाळिशी गाठली असं काही नाही. महिन्यांबाबत ‘लेट जुलै’ म्हणजे जुलैची अखेर. पावसाला उशीर झाला असेल तर तो ‘लेट मान्सून’, आणि तो जुलैच्या सुरुवातीलाही असू शकतो.

रात्रीचा ‘लेट’ आपल्याला हमखास फसवतो. ‘आय स्लेप्ट लेट’ म्हणताना मराठी माणसाच्या मनात असतं, मी उशिरा झोपलो. ऐकणाऱ्या इंग्रजाला कळतं, हा उशिरापर्यंत झोपून राहिला. अर्थ पार उलटा! रात्री दोनपर्यंत काम केलं हे साहेबाला सांगायला जावं आणि साहेबाने समजावं की गडी सकाळी दहापर्यंत अंथरुणात लोळत होता. त्यापेक्षा ‘आय वेंट टू बेड लेट’ किंवा ‘आय स्टेड अप लेट’ म्हणा. काल रात्री उशिरा याला ‘लेट लास्ट नाइट’, एरवी रात्री उशिरा याला ‘लेट ॲट नाइट’. ‘लेट नाइट’ ही जोडी शो, जेवण, बस अशा नामाआधी शोभते.

आता उशिराचा ‘लेट’. ‘मला उशीर होतोय’ या वाक्याचं आपण ‘आय ॲम गेटिंग लेट’ करतो. भारतात ते सगळ्यांना कळतं, पण बाहेर लोक ‘आय ॲम रनिंग लेट’ किंवा ‘आय ॲम गोइंग टू बी लेट’ म्हणतात. ‘इट इज गेटिंग लेट’ हे वाक्य बरोबर आहे, पण त्याचा अर्थ वेगळा : बराच वेळ झाला, रात्र झाली, आता निघायला हवं. ‘सॉरी फॉर द लेट’ तर कुठेच चालत नाही, कारण ‘द’ लावलेल्या विशेषणाच्या पुढे नाम हवं. ‘सॉरी फॉर द लेट रिप्लाय’, ‘सॉरी फॉर द डिले’, किंवा साधं ‘सॉरी आय ॲम लेट’. कशासाठी उशीर झाला हे सांगताना ‘फॉर’ लागतो : ‘लेट फॉर वर्क’, ‘लेट फॉर द मीटिंग’. काही द्यायचं राहिलं असेल तर ‘विथ’ : ‘लेट विथ द रेंट’. रेल्वेची घोषणा गाडी ‘लेट बाय’ वीस मिनिटं असल्याचं सांगते, रोजच्या इंग्रजीत ‘ट्वेंटी मिनिट्स लेट’ असतं. त्यावरून घोषणा करणाऱ्यांना नावं ठेवायला नकोत, व्याकरणात दोन्ही बसतात.

‘लेट’, ‘डिलेड’, ‘बिलेटेड’ आणि ‘ओव्हरड्यू’ यांची आलटापालट होते, पण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. माणूस ‘लेट’ असतो. कुणीतरी किंवा कशानेतरी अडवून ठेवलं की तो ‘डिलेड’ होतो, म्हणून विमानतळाच्या फलकावर हा शब्द दिसतो. मुदत टळून गेलेली आणि अजूनही न आलेली वस्तू ‘ओव्हरड्यू’ : वाचनालयाचं पुस्तक, विजेचं बिल. आणि वेळ गेल्यावर अखेर केलेली गोष्ट ‘बिलेटेड’. कायद्यांची भाषा या बाबतीत नेमकी आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात तेरावं कलम उशिरा केलेल्या नोंदणीचं आहे. तिथे नोंदणीला ‘डिलेड’ म्हटलं आहे आणि त्यासाठी भरायच्या रकमेला ‘लेट फी’. आयकर विभागाच्या भाषेत मुदतीनंतर भरलेलं विवरणपत्र हे ‘बिलेटेड रिटर्न’. वाढदिवसाच्या शुभेच्छांचं तेवढं आपण बिघडवतो. ‘हॅपी बिलेटेड बर्थडे’ इतकं पसरलं आहे की कुणी हटकणार नाही, पण वाढदिवस वेळेवरच आला होता, उशीर शुभेच्छांना झाला. ‘बिलेटेड बर्थडे विशेस’ हे जास्त सरळ.

उशीर म्हणजे नेहमी दोष, असंही नाही. क्रिकेटमधला लेट कट मुद्दाम थांबून, चेंडू जवळजवळ अंगावरून पुढे गेल्यावर थर्ड मॅनच्या दिशेने मारतात. त्या फटक्याचं सगळं सौंदर्यच त्या थांबण्यात असतं.

राहता राहिलं ‘लेट’चं कुटुंब. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ मंद, संथ असा होता. त्याची तर-तम रूपं होती ती आजची ‘लॅटर’ आणि ‘लास्ट’. पुढे ‘लेटर’ आणि ‘लेटेस्ट’ ही नवी रूपं तयार झाली आणि जुनीही टिकली. त्यामुळे आज चार शब्द चार दिशांना गेलेले आहेत. नंतरचा तो ‘लेटर’. दोघांपैकी दुसरा तो ‘लॅटर’, आणि तो दोघांतच, तिघांत नाही. उच्चाराचा फरक पाळा, नाहीतर ऐकणाऱ्याला पत्र म्हणायचं आहे की काय असंही वाटेल. ‘लेटली’ हे क्रियाविशेषण म्हणजे ‘उशिरा’ नव्हे, तर ‘अलीकडे’. ‘ही केम लेटली टू द क्लास’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ही केम लेट’ म्हणायचं असतं. मूळ ‘लेट’च क्रियाविशेषणाचं काम करतो, शेपूट लावायची गरज नाही.

‘लास्ट’ आणि ‘लेटेस्ट’ यांत गल्लत झाली की माणसं दुखावतात. एखाद्या लेखकाला ‘आय लाइक्ड युअर लास्ट बुक’ लिहिलंत तर वाक्य चालून जाईल, कारण ‘लास्ट’ म्हणजे याआधीचं असाही अर्थ होतो. पण त्यात शेवटचं पुस्तक असाही वास येतो आणि सत्तरी ओलांडलेला लेखक तो लगेच ओळखतो. ‘युअर लेटेस्ट बुक’ म्हणजे सर्वांत नवं, पुढे आणखी येतील असं गृहीत धरलेलं. हयात लेखकासाठी नेहमी ‘लेटेस्ट’ वापरावं.

आणि शेवटी कचेऱ्यांचा लाडका ‘लेटेस्ट बाय’. ‘सबमिट द रिपोर्ट लेटेस्ट बाय फ्रायडे’ अशी परिपत्रकं आपल्याकडे रोज निघतात आणि कामंही होतात, त्यामुळे घरच्या पत्रव्यवहारात त्यावर वेळ घालवू नका. परदेशी ग्राहकाला, विद्यापीठाला किंवा संपादकाला लिहिताना मात्र ‘बाय फ्रायडे ॲट द लेटेस्ट’ असा क्रम ठेवा. ठासून सांगायचं नसेल तर नुसतं ‘बाय फ्रायडे’ पुरतं. शुक्रवारनंतर चालणार नाही, हे ‘बाय’मध्ये आलेलंच असतं.